टचपॅड की माऊस? आवड ठरवण्याआधी चार्जर काढून बघा

बारावीचे निकाल लागले, कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की चिपळूण, रत्नागिरी, कुडाळच्या दुकानांतून नवे लॅपटॉप घरोघरी पोचू लागतात. खोका उघडल्यावर पहिल्या तासातच घरात दोन पक्ष पडतात. मुलगी म्हणते, माऊस कशाला, बोटाने होतंय की सगळं. वडील म्हणतात, तो बाण माझ्या हाताखाली थांबतच नाही, आधी माऊस आण. मग कोण जुन्या वळणाचं आणि कोण नव्या, असा निकाल लावून लोक मोकळे होतात. प्रत्यक्षात पुष्कळदा दोघंही बरोबर असतात, आणि पुष्कळदा भांडण आवडीचं नसतंच. ते टचपॅडच्या सेटिंगचं असतं, टेबलाच्या उंचीचं असतं, नाहीतर घराच्या अर्थिंगचं. हो, अर्थिंगचं. त्याकडे येऊच.

पडद्यावर फिरणाऱ्या बाणाला इथे कर्सर म्हटलं आहे. कीबोर्डखालची सपाट चौकट म्हणजे टचपॅड. अ‍ॅपलच्या लॅपटॉपवर तिलाच ट्रॅकपॅड म्हणतात.

## माऊसच्या पोटात कॅमेरा असतो

डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन अभियंत्याच्या कल्पनेवरून 1964 साली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पहिला माऊस तयार झाला. लाकडी ठोकळा, वर एक बटण, खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं. एक चाक आडवी हालचाल मोजायचं, दुसरं उभी. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. एमएस-सीआयटीच्या सुरुवातीच्या तुकड्यांना ती गोळी काढून आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडणं नक्की आठवत असेल.

आजच्या माऊसमध्ये गोळी नाही. तळाचा छोटा दिवा टेबलावर तिरका प्रकाश टाकतो आणि एक बारीक सेन्सर त्या जागेचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो. एका फोटोतले खडबडीत कण पुढच्या फोटोत किती सरकले, त्यावरून माऊस किती हलला हे कळतं. म्हणजे माऊसला खाली काहीतरी दिसावं लागतं. काच, आरशासारखी चकचकीत लादी, पॉलिश केलेला ग्रॅनाइटचा ओटा इथे त्याला काही दिसत नाही आणि कर्सर थबकतो. शहाबादी फरशी, लाकडी पाट, मॅट सनमायका यांवर तो सुरळीत चालतो. माऊस अडखळला तर आधी कोऱ्या कागदावर फिरवून बघावा. कागदावर चालला तर माऊस ठीक आहे, खालची जागा बदलायची.

खोक्यावर 'डीपीआय' म्हणून एक आकडा छापलेला असतो. माऊस एक इंच सरकवला की तो संगणकाला किती पावलं कळवतो, तो हा आकडा. पडदा 1920 ठिपके रुंद असेल आणि एका पावलाला कर्सर एक ठिपका सरकत असेल, तर 800 डीपीआयचा माऊस 2.4 इंच, म्हणजे साधारण 6 सेंटिमीटर सरकवल्यावर कर्सर पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला जातो. 1600 डीपीआय असेल तर 3 सेंटिमीटरमध्ये. रोजच्या कामाला 800 ते 1600 भरपूर झाले. स्वस्तातल्या माऊसवर 12000 लिहिलेलं बघून हुरळण्यात अर्थ नाही.

## टचपॅडला दाब कळत नाही, बोट कळतं

टचपॅडच्या पातळ थराखाली उभ्या-आडव्या बारीक पट्ट्यांची जाळी असते. जिथे पट्ट्या एकमेकींवरून जातात तिथे किंचित विद्युतभार साठतो; या साठवण्याच्या क्षमतेला धारिता म्हणतात. आपलं शरीर विजेचं वाहक असल्यामुळे बोट टेकलं की तिथली धारिता बदलते. हा बदल पिकोफॅरडच्या घरातला, म्हणजे फॅरड या धारितेच्या मापाचे दशलक्ष भाग करून त्यातल्या एका भागाचे पुन्हा दशलक्ष भाग करावेत, इतका बारीक. आतली चिप जाळी सतत तपासत राहते आणि कोणत्या चौकात किती फरक पडला त्यावरून बोटाची जागा काढते. अ‍ॅपलने 1994 साली पॉवरबुक 500 मालिकेत असा पॅड दिला आणि मग तो सगळीकडे रुळला.

यातून तीन गोष्टी निघतात. नख, बॉलपेनचं टोक, रबरी हातमोजा यांना टचपॅड ओळखत नाही. पाण्याचा थेंब मात्र त्याला बोटासारखा वाटू शकतो. आणि मोजमाप इतकं नाजूक असल्यामुळे विजेची बारीकशी गडबडही त्याला चक्रावून टाकते.

चौथी गोष्ट 'मला जमत नाही' म्हणणाऱ्यांसाठी. नवखा माणूस टचपॅडवर बोट जोराने दाबून फिरवतो. दाबलं की बोटाचं टोक चपटं होतं, टेकलेला भाग पसरतो आणि त्याचा मध्य सरकतो. त्यामुळे बाण नेमका क्लिकच्या क्षणी बटणावरून घसरतो. बोट हलकं टेकवून सरकवलं आणि दाबण्याऐवजी नुसती टिचकी मारली, की निम्मी तक्रार तिथेच संपते.

## खरा फरक: वल्हं आणि क्लिक

बोट टचपॅडच्या कडेला पोचलं की उचलायचं, मागे आणायचं, पुन्हा टेकायचं. होडी वल्हवताना वल्हं पाण्याबाहेर काढून पुन्हा पुढे नेतात, तसंच. तेवढ्या वेळात होडीला नवा रेटा मिळत नाही. माऊसही कधीकधी असा उचलून ठेवावा लागतो, पण टचपॅडवर हे दर थोड्या वेळाने होतं.

ही वल्हवणी कमी व्हावी म्हणून संगणक एक युक्ती करतो: बोट झपकन फिरवलं तर कर्सर लांब जातो, सावकाश फिरवलं तर जवळच राहतो. याला प्रवेग म्हणू. सोय आहे खरी, पण त्यामुळे बोटाच्या 3 सेंटिमीटरचं पडद्यावरचं अंतर दर वेळी वेगळं निघतं. हाताला अंतराबरोबर वेगही शिकावा लागतो. ज्याने वर्षानुवर्षं माऊस वापरला त्याला टचपॅड निसरडा वाटतो त्याचं एक कारण हे. विंडोज माऊसलाही प्रवेग देतं, पण तो बंद करता येतो.

दुसरा फरक क्लिकचा. माऊसवर सरकवण्याचं काम मनगटाचं आणि कोपराचं, दाबण्याचं काम बोटाचं. कामं वाटलेली असल्यामुळे दाबताना बाण जागेवर राहतो. टचपॅडवर दोन्ही ओझी एकाच बोटावर. ओळी निवडणं, फाइल ओढून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकणं, यात ती अडचण सगळ्यात जास्त जाणवते. त्यावर उपाय आहेत: डाव्या अंगठ्याने टचपॅडचा खालचा डावा कोपरा दाबून धरायचा आणि उजव्या तर्जनीने ओढायचं. किंवा टिचकी मारून लगेच बोट पुन्हा टेकायचं आणि न उचलता सरकवायचं. मॅकवर तीन बोटांनी ओढण्याची सोय आहे, पण ती अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या पोटात, पॉइंटर कंट्रोलमधल्या ट्रॅकपॅड ऑप्शन्समध्ये दडवून ठेवली आहे. ती का दडवावी, हे कोडंच आहे.

या सगळ्यामागे एक जुना नियमही आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली मांडला: लक्ष्य दुप्पट लांब नेलं काय आणि अर्ध्या आकाराचं केलं काय, तिथे नेमकं पोचायला लागणारा वेळ सारखाच वाढतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की ऑनलाइन फॉर्ममधला बारीक गोल सापडत नसेल तर उपकरण बदलण्याआधी गोल मोठा करावा. ब्राउझरमध्ये कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की पान मोठं होतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल 100 वरून 125 टक्के केलं की सगळंच मोठं होतं. फुकटचा उपाय आहे, पण सुचवतं कोण?

## कोणत्या कामाला काय

वाचन, मेल, लांब पानं खाली-वर करणं, भरपूर टायपिंग: टचपॅड. कीबोर्डवरून हात चार बोटं खाली आणला की काम होतं आणि दोन बोटांनी पान चारही दिशांना सरकतं. कोकण रेल्वेच्या डब्यात, एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना, पडवीतल्या झोपाळ्यावर तर प्रश्नच नाही. माऊस ठेवणार कुठे?

घरांचे नकाशे काढणाऱ्यांना माऊसच लागतो. ऑटोकॅडमध्ये चाक फिरवलं की नकाशा जवळ-लांब होतो, चाक दाबून धरलं की नकाशा सरकतो, चाकावर डबल क्लिक केलं की पूर्ण नकाशा पडद्यावर बसतो. म्हणून माऊस घेताना चाक दाबलं जातंय ना, आणि दाबताना चुकून फिरत नाही ना, हे बघावं. लग्नपत्रिका-फ्लेक्सचं डीटीपी, फोटोतले डाग काढणं, एक्सेलमध्ये शे-दोनशे ओळी निवडणं, इथेही माऊस. टॅलीवर पक्का हात बसलेला माणूस दोन्हींकडे बघत नाही. तो कीबोर्डवरच राहतो, आणि त्याच्या वेगाला दोन्ही पक्षांनी हात जोडावेत.

## "पण आमचा टचपॅड चार्जिंगला लावला की उड्या मारतो"

ही तक्रार खरी आहे आणि लॅपटॉपचा दोष नसतानाही येते. चार्जरच्या आत विजेची बारीक गडबड शोषून घेण्यासाठी एक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा छोटा भाग, बसवलेला असतो. त्यातून अगदी किरकोळ गळती लॅपटॉपच्या अंगावर येते. तीन पिनांचा चार्जर नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये असेल तर ती गळती जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसेल, तिसरी पिन मोडलेली असेल किंवा दोन पिनांचा जोड लावलेला असेल, तर ती लॅपटॉपवरच राहते. मग धातूच्या कव्हरवर हात फिरवला की झिणझिण्या येतात, आणि पिकोफॅरडमध्ये मोजणाऱ्या टचपॅडला तुमच्या बोटाबरोबर ही गडबडही दिसू लागते. कर्सर थरथरतो, मधेच क्लिक होतो.

तपासणी सोपी. चार्जर काढा आणि पाच मिनिटं बॅटरीवर काम करा. कर्सर शांत झाला तर टचपॅड चांगला आहे. मग तोच चार्जर अर्थिंगची खात्री असलेल्या दुसऱ्या जागी लावून बघा. तिथेही शांत असेल तर घरच्या सॉकेटचं काम वायरमनकडून करून घ्यावं. तिथेही उड्या मारत असेल तर संशय चार्जरवर, विशेषतः तो बिनानावाचा असेल तर. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर लाइट गेल्यानंतर हा त्रास वाढू शकतो.

आपल्याकडे ही भानगड जास्त भेटते त्याला जमिनीचंही कारण आहे. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर अर्थिंगचा खड्डा पुरेसा खोल घ्यायला कंटाळा केला जातो, आणि एप्रिल-मेमध्ये कातळ कोरडा पडला की त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो. कोळसा-मिठाच्या जुन्या पद्धतीच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतावं लागतं, हे नव्या पिढीला कुणी सांगितलेलं नसतं. पावसाळ्यात आपोआप बरा होणारा आणि उन्हाळ्यात बिघडणारा टचपॅड दिसला तर आधी हा खड्डा आठवावा. शिवाय अर्थिंग टचपॅडपेक्षा फ्रिज आणि पाण्याच्या पंपासाठी जास्त गरजेचं आहे. झिणझिण्यांऐवजी खरा झटका बसला तर सॉकेट वापरणं लगेच थांबवावं.

## घाम, खारा वारा, आणि फुगलेली बॅटरी

घामट बोट टचपॅडवर सरकत नाही, अडकत-अडकत जातं, आणि मागे राहिलेला ओला ठसा जाळीला गोंधळात टाकतो. फॅनखाली बसून हात पुसणं हा पहिला उपाय. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने पॅड पुसावा आणि कोरडा करावा. सॅनिटायझर थेट फवारू नये. तो कडेच्या फटीतून आत जातो. फणस कापून आलेल्या हाताने लॅपटॉपला शिवू नये, हे वेगळं सांगायला नको. त्याचा चीक पाण्याने निघत नाही.

माऊसवर खारी, दमट हवा वेगळ्या मार्गाने चाल करते. प्रत्येक बटणाखाली एक लहानसा स्विच असतो आणि त्यात धातूची पातळ पट्टी. पट्टीवर गंजाचा थर आला किंवा ती झिजली की एका दाबण्यात जोड दोनदा लागतो. एकदा क्लिक केलं तरी फोल्डर उघडतं, धरून ओढलेली फाइल मधेच सुटते. सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग बदलून हे झाकता येतं, बरं होत नाही. चांगल्या माऊसचा स्विच दुरुस्तीवाला डाग देऊन बदलून देतो. स्वस्त माऊसवर मजुरी घालवू नये. चाक फिरवताना पान खाली जाण्याऐवजी मधेच वर उडी घेत असेल तर चाकाच्या मोजणीचे जोड मळलेत किंवा गंजलेत.

वायरलेस माऊस महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावा. पाझरलेला सेल आतल्या धातूच्या पट्ट्या खातो. अल्कलाइन सेलची पांढरी पूड असेल तर कापसाच्या काडीला थोडा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसावी, मग कोरडं करावं. हाताला लागू देऊ नये.

एक इशारा मात्र गंभीर आहे. टचपॅडचं बटण अचानक घट्ट झालं, पॅड एका बाजूने वर आला किंवा कडेला फट दिसू लागली, तर अनेक लॅपटॉपमध्ये त्याचा अर्थ खालची लिथियम बॅटरी फुगली आहे असा असतो. पॅड दाबून बसवू नये, चार्जिंग बंद करावं, लॅपटॉप बंद करून दुरुस्तीला द्यावा. 'टचपॅड बिघडलाय, माऊस लावून चालवू' म्हणून महिनोन्‌महिने काढणं इथे धोक्याचं आहे.

## "मनगट दुखतं, म्हणून टचपॅड बरा ना?"

असं सरसकट सांगता येत नाही. माऊसने मनगट दुखतं ते बहुधा तो फार लांब ठेवल्यामुळे, टेबल उंच असल्यामुळे किंवा मनगट टेबलाच्या धारेवर टेकवून बाहेरच्या बाजूला वाकवल्यामुळे. कोपर अंगालगत, साधारण काटकोनात आणि हात मनगटाशी सरळ राहील अशी जागा हवी. नंबरपॅड असलेला मोठा कीबोर्ड माऊसला आणखी उजवीकडे ढकलतो. कधीमधी माऊस डाव्या हाताला घेतला तर भार वाटला जातो. विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये मुख्य बटण डावं की उजवं हे बदलता येतं.

टचपॅडवर मनगटाऐवजी अंगठा आणि तर्जनी राबतात. शिवाय टचपॅड लॅपटॉपलाच चिकटलेला, त्यामुळे मान खाली घालून बसणं आलंच. दिवसभर एका जागी काम असेल तर लॅपटॉप पुस्तकांवर उंच ठेवून वेगळा कीबोर्ड आणि माऊस लावणं मानेला जास्त मानवतं. बोटं बधिर होत असतील, रात्री हात जड पडत असेल, तर उपकरणांची अदलाबदल करत बसू नये. डॉक्टरांना दाखवावं.

## "वयस्कर माणसांना माऊसच द्यावा"

बहुतेक वेळा हो. हात थरथरत असेल तर हाताखाली भरीव वस्तू असल्याने स्थिरता येते, आणि कोरड्या पडलेल्या बोटांना टचपॅड नीट ओळखतोच असं नाही. पण माऊस दिला की पुढचं कामही करावं: कर्सरचा वेग कमी, आकार मोठा, डबल क्लिकचा वेग सावकाश. टेबल अरुंद असेल तर ट्रॅकबॉल बघावा. त्यात उपकरण जागेवर राहतं, वरचा गोळा फिरवायचा.

## पाच मिनिटांची सेटिंग

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, त्यात ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात टचपॅड. मराठी टाइप करताना कर्सर मधेच दुसऱ्या ओळीत उडी मारत असेल तर तळव्याचा स्पर्श कारणीभूत असतो. टॅप्समध्ये सेन्सिटिव्हिटी 'लो' करावी. दोन बोटांनी पान उलट दिशेला जातंय असं वाटलं तर तिथेच स्क्रोलची दिशा बदलते. माऊस जोडलेला असताना टचपॅड बंद ठेवायचा असेल तर त्याचीही खूण याच पानावर आहे. माऊससाठी शेजारच्या माऊस पानावर कर्सरचा वेग मधोमध ठेवावा आणि 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' (हाच मघाचा प्रवेग) काढून दोन दिवस चालवून बघावं. कुणाला ते आवडतं, कुणाला नाही. पण काढल्यावर हाताचं अंतर आणि पडद्यावरचं अंतर यांचा मेळ कायम राहतो.

## माऊस घ्यायचाच ठरलं तर

वायरचा माऊस सेल मागत नाही, हरवत नाही, स्वस्त असतो. वायरलेसमध्ये डोंगलवाला (यूएसबीत खोचायची छोटी कांडी) की ब्लूटूथवाला, हे लॅपटॉपला यूएसबीची भोकं किती आहेत त्यावर ठरवावं. डोंगल 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो आणि यूएसबी 3 चं भोक काम करताना त्याच पट्ट्यात गोंगाट करतं. त्या, बहुधा निळ्या, भोकात हार्ड डिस्क आणि शेजारी डोंगल असेल तर माऊस अडखळू शकतो. डोंगल दुसऱ्या बाजूच्या भोकात लावावा किंवा छोट्या एक्स्टेंशन वायरने दूर न्यावा.

हाताच्या मापाचा माऊस दुकानात हातात धरूनच कळतो. प्रवासाचे चपटे छोटे माऊस मोठ्या हाताला दिवसभर धरवत नाहीत. फक्त तिथे काउंटरच्या काचेवर फिरवून 'हा चालत नाही' म्हणून परत देऊ नका. दुकानदाराकडून बिलबुक मागून घ्या आणि त्यावर फिरवून बघा.